फक्त दोन मिनिटांचं काम

शाळेत चित्रकला हा विषय कोणालाच नको असतो. चित्रकलेचे सर मात्र सगळ्यांना हवे असतात. मुंबईच्या उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत केस पांढरे झाल्यावर मी एवढा एकच सिद्धांत मांडू शकलो आहे. विषयाची पत आणि मास्तरची मागणी यांचं प्रमाण इतकं व्यस्त दुसऱ्या कुठल्याच विषयात नसेल. गणिताच्या सरांना गाठून कोणी म्हणत नाही, ‘सर, जाता जाता माझ्या घराच्या हप्त्याचं व्याज काढून द्या.’ इतिहासाच्या बाईंना कोणी सोसायटीतल्या भांडणाचा तह लिहायला बोलावत नाही. मला मात्र रस्त्यात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठतात. मखराचा नमुना, भाचीच्या प्रोजेक्टवरचा ज्वालामुखी, हळदीकुंकवाची रांगोळी, बारशाच्या पाळण्यावरचं नाव. आमच्या सोसायटीत ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचनासुद्धा माझ्याच अक्षरात लागते, त्यामुळे पाणी मीच बंद करतो अशी पहिल्या मजल्यावरच्या आजींची समजूत आहे.

या सगळ्या विनंत्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘तुमच्यासाठी काय, दोन मिनिटांचं काम!’ ही दोन मिनिटं जेवणाच्या सुट्टीत सुरू होतात आणि शाळेचे दिवे मालवायला मामा येतात तेव्हा संपतात.

यातलं सर्वांत मोठं दोन मिनिटांचं काम म्हणजे प्रवेशद्वाराजवळचा फळा. पाहुणे येणार असतात. मोठ्या बाई म्हणतात, ‘सर, स्वागताचा फळा तेवढा छानसा करा. वर सरस्वती घ्या, मुळगावकरांच्या चित्रासारखी.’ रघुवीर मुळगावकरांनी देवादिकांची जी कॅलेंडरं केली, ती खडूने केली नव्हती आणि अर्ध्या मधल्या सुट्टीत तर नव्हतीच. पण मोठ्या बाईंना हे कोण सांगणार? मी रंगीत खडू पाण्यात भिजवतो, स्टुलावर चढतो आणि सरस्वतीच्या वीणेपाशी येतो, तोच निरोप येतो की पाहुणे बदलले. आधीच्या पाहुण्यांचं नाव पाच अक्षरी होतं, नव्या पाहुण्यांना नावाआधी तीन आणि नावानंतर चार उपाध्या आहेत. त्या बसवायच्या तर सरस्वतीला जरा सरकून बसावं लागतं. तेही जमवावं, अक्षरांना सावली द्यावी, सोनेरी कड काढावी, की मागून मराठीच्या बाईंचा आवाज येतो, ‘सर, यातला ‘हार्दिक’चा इकार ऱ्हस्व हवा होता.’ रंग भरून होईपर्यंत या बाईंना इकार कधीही दिसत नाही. शेवटी पाहुणे येतात, मोबाइलवर बोलत बोलत फळ्यासमोरून थेट ऑफिसात जातात आणि दुसऱ्या दिवशी मामा सरस्वतीला ओल्या फडक्याने विद्येच्या माहेरी पोचवून येतात.

फ्लेक्सचा छापखाना गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. आता सुटलो, असं वाटलं. पण आता नवीन काम निघालं आहे : ‘सर, जरा फ्लेक्सवाल्याजवळ बसून तेवढं डिझाइन करून घ्या.’ तिथला मुलगा मला विचारतो, ‘काका, झेंडा डावीकडे टाकू की उजवीकडे?’ आणि मी उत्तर देण्याआधी दोन्हीकडे टाकतो.

मास्तरची एवढी मागणी, पण विषयाची गत काय, हे शाळेचं वेळापत्रक सांगतं. चित्रकलेचा तास शनिवारी शेवटचा तरी असतो, नाहीतर पीटीनंतरचा. म्हणजे मुलांचं मन घरी गेलेलं किंवा अंग घामाने भिजलेलं. दहावीच्या सहामाहीच्या सुमारास गणिताचे सर दारात येऊन उभे राहतात. ‘सर, पोर्शन राहिलाय. आजचा तास मिळेल का?’ मी तास देतो. माझेही जलरंग राहिलेले असतात, पण ‘सर, आकाशाचा वॉश द्यायचा राहिलाय, बीजगणिताचा तास देता का?’ असं म्हणायला मी अजून धजावलेलो नाही. कोणी शिक्षक रजेवर असले की बदली तासाच्या वहीत पहिलं नाव माझं. ‘ड्रॉइंगचे सर मोकळेच असतात’ हे आमच्या शिक्षकखोलीतलं त्रिकालाबाधित सत्य आहे.

यात शाळेला तरी का दोष द्यावा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलं आहे की सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. म्हणजे शंभर मुलांपर्यंत सौंदर्यदृष्टीची गरज भासत नाही. एकशे एकावं मूल दाखला घेऊन आलं, की ती एकदम उत्पन्न होते आणि तीही अर्धवेळ.

आमच्या शाळेत पूर्वी ड्रॉइंग हॉल होता. उतरती टेबलं, कोपऱ्यात बेसिन, भिंतीवर प्लॅस्टरचे कान-नाक-डोळे. आधी त्याची संगणक कक्षाशी वाटणी झाली, मग पूर्ण संगणक कक्ष झाला. प्लॅस्टरच्या नाकावर आता कोणीतरी हेडफोन अडकवून ठेवतं. आम्ही वर्गातच रंगवतो. बाक चिंचोळा, त्यावर तीन मुलं, तीन वह्या आणि पाण्याची एकच वाटी. ती वाटी दर तासाला मधल्याच्याच चित्रावर सांडते. मधल्याचं चित्र म्हणून नेहमी पावसाळ्याचं.

तास पस्तीस मिनिटांचा आणि मुलं साठ. पहिली दहा मिनिटं ‘सर, वही विसरलो’ यात जातात. उरलेल्या वेळात जे प्रश्न येतात ते मी शाळेच्या आवारात झोपेतही ऐकू शकतो. ‘सर, काय काढू?’ ‘सर, पट्टीने काढू?’ नदीसुद्धा पट्टीने काढतात. ‘सर, रंगवायचं का?’ ‘सर, याने माझं बघून काढलं.’ शेजारच्या वर्गातून ‘याने माझं बघून लिहिलं’ अशी तक्रार आली तर वह्या जप्त होतात, माझ्याकडे आली तर दोघांची चित्रं तपासून मला हे शोधावं लागतं की मूळ चित्र दोघांपैकी कोणाचंच नाही. माणूस रंगवायचा झाला तर वर्गभर ‘स्किन कलर दे रे, स्किन कलर’ असा पुकारा होतो. तो गुलाबीसर खडू साठांपैकी एकाच्याही कातडीशी जुळत नाही, तरी तोच सगळ्यांत आधी झिजून संपतो.

पण या सगळ्या प्रश्नांचा राजा एकच : ‘सर, बॅकग्राउंड करायचं का?’ माणूस, घोडा, फुलदाणी ही मुलांच्या दृष्टीने हौसेची कामं. बॅकग्राउंड ही मजुरी. एकदा मी सातवीच्या वर्गाला वासुदेव गायतोंड्यांच्या एका अमूर्त चित्राची छापील प्रत दाखवली. आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा चित्रकार, त्याचं एक चित्र २०१५ साली मुंबईतच लिलावात २९ कोटींहून जास्त किमतीला गेलं, असं सांगितलं. वर्ग स्तब्ध झाला. मला वाटलं, कलेचा स्पर्श झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, यात चित्रच नाहीये. यांनी नुसतं बॅकग्राउंड केलंय!’ दुसऱ्याने व्यवहार पाहिला : ‘मग आम्हाला चित्र कशाला काढायला लावता?’ कलासमीक्षेची इतकी मोकळी भाषा मी कुठल्याही दालनात ऐकलेली नाही.

‘मनाने काढा’ असं मी म्हटलं, की वर्गावर आभाळ कोसळतं. मनात काय आहे, हे यापूर्वी त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. मग पाच मिनिटांनी साठच्या साठ वह्यांत तेच निसर्गचित्र उगवतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून बाहेर येणारा अर्धा सूर्य, त्याला काड्यांचे किरण, उलट्या मिशांचे पक्षी, डोंगरामागून निघून थेट वहीच्या कडेपर्यंत येणारी नदी, एक झोपडी आणि तिच्यावर ओणवलेला माड. सूर्य गोल यावा म्हणून डब्याचं झाकण किंवा बांगडी. मुंबईत सूर्य समुद्रात बुडतो, डोंगरांच्या बेचक्यातून उगवताना यांपैकी एकानेही पाहिलेला नाही. झोपडी काढणारा मुलगा पुनर्वसनाच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद पडली की पहिल्या तासाला येत नाही. हे चित्र कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, मी कधी शिकवलेलं नाही. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, थोरल्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं आहे. शाळेत खऱ्या अर्थाने टिकून राहिलेली परंपरा हीच.

एका वर्षी मी हट्टाला पेटलो. म्हटलं, ‘घरी जा, खिडकीपाशी बसा आणि जे दिसेल ते काढा. डोंगर दिसला तरच डोंगर.’ बहुतेकांनी खिडकी काढली आणि तिच्यातून दोन डोंगर दाखवले. पण एका मुलीने खरंच खिडकीबाहेर पाहिलं होतं. कबुतरांची जाळी, तिच्यापलीकडे समोरच्या बिल्डिंगचा एसी, त्यातून ठिबकणारं पाणी धरायला लावलेली निळी बादली, दांडीवर वाळणारे टॉवेल, त्यांच्या मागे क्रेनचा अर्धाच हात. जाळीची उभी-आडवी रेघन्‌रेघ तिने हाताने काढली होती, पट्टी न लावता. मी वहीवर तीन वेळा ‘छान’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत हजर. ‘सर, मुलांना घरचे टॉवेल काय काढायला लावता? निसर्ग सांगा ना काहीतरी!’ मी ते चित्र प्रभागातल्या एका स्पर्धेला पाठवलं, तिथून ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा आला. विषय होता ‘माझा परिसर’.

स्पर्धांचं एक वेगळंच खातं आहे. कोणाचा वाढदिवस असो, पर्यावरण दिन असो, मतदार जागृती असो, शाळेत पत्र येतं : उद्या सकाळी पन्नास मुलं पाठवा, साहित्य विद्यार्थ्यांनी आणायचं आहे. विषय ‘झाडे लावा’, ‘पाणी वाचवा’ किंवा ‘प्लास्टिक टाळा’. मुलांनी यासाठी एक सर्वसमावेशक चित्र तयार ठेवलं आहे : दोन तळहात, त्यांत पृथ्वी, पृथ्वीला डोळे, डोळ्यांत अश्रू. विषय पाणी असेल तर अश्रू निळे, झाड असेल तर पृथ्वीच्या डोक्यावर रोपटं, मतदान असेल तर एका बोटाला शाई. यालाच पहिलं बक्षीस मिळतं, कंपासपेटी आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर मुलांची नावं घालायला आयोजक मलाच सांगतात. माझं अक्षर छान आहे ना!

शाळेच्या भिंती म्हणजे वारली. ‘सर, बाहेरची भिंत वारलीने सजवू या,’ असा ठराव दर दोन वर्षांनी होतो. मागणी कलेसाठी नसते. गेरू आणि पांढरा रंग स्वस्त पडतो आणि ‘वारली काय, त्रिकोण-गोलच तर आहेत,’ अशी शिक्षकखोलीची खात्री असते. ज्या जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ते त्रिकोण-गोल काढण्यात आयुष्य घालवलं, हे सांगितलं की सगळे माना डोलावतात आणि विचारतात, ‘शनिवारपर्यंत होईल ना?’ आमच्या भिंतीवरची तारपा नाचणारी माणसं समितीच्या सूचनांनुसार रांगेत उभी आहेत, कारण नाचताना शिस्त दिसली पाहिजे. एकाच्या हातात तारप्याऐवजी लॅपटॉप आहे.

विषयाचे दिवस पालटले ते मार्कांमुळे. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, राज्याचं कला संचालनालय घेतं. पूर्वी या परीक्षांना ज्यांना खरोखर चित्रं काढायची असत अशी चार पोरं बसत. पुढे इंटरमिजिएटचे गुण दहावीत मिळू लागले : ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. तेव्हापासून पालकसभेत माझ्यासमोर रांग लागते. गणिताचे सर बाजूला बसून भुवया उंचावतात. एका बाबांनी मला सरळ सांगितलं, ‘सर, त्याला चित्रकलेची आवड नाही, पण सातची आहे.’ इतकं प्रांजळ बोलणं ऐकून मी त्यांच्या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं.

या परीक्षेतली खरी गंमत म्हणजे स्मरणचित्र. विषय आयत्या वेळी मिळतो : भाजीबाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुलं. स्मरणातून काढायचं म्हणून आमची मुलं आधी पाठ करून येतात. पाठ केलेली मंडळी मोजकी. एक पाठमोरी बाई, कारण चेहरा काढणं अवघड. एक खिशात हात घातलेला गृहस्थ, कारण बोटं त्याहून अवघड. पायांचा प्रश्न सोडवायला गवत. बाजार असेल तर बाई भाजी घेते, बसथांबा असेल तर बाई बसची वाट पाहते, विसर्जन असेल तर तीच बाई, त्याच निळ्या साडीत, गणपतीला निरोप देते. गृहस्थ तिन्ही ठिकाणी खिशात हात घालून उभा. दादरच्या फलाटावर गुडघाभर गवत माजलेलं फक्त आमच्या उत्तरपत्रिकांतच पाहायला मिळतं.

हल्ली घरचा अभ्यास म्हणून काही मुलं संगणकाकडून करून घेतलेली चित्रं छापून आणतात. रंग झळझळीत, प्रकाश स्वर्गातला आणि हाताला बोटं कधी कधी सहा. मला राग येत नाही. माझी मुलं हात खिशात घालतात, यंत्र एक बोट जास्त देऊन टाकतं. हात काढणं अवघड असतं, यावर दोघांचंही एकमत झालेलं पाहून बरं वाटतं.

स्थिरचित्राच्या दिवशी मी सकाळीच पिशवी घेऊन मंडईत असतो. मांडणीसाठी वांगी, कांदे, सिमला मिरची, केळी आणि घरून आणलेला तांब्या. भाजीवाली विचारते, ‘भरायची का चिरायची?’ मी म्हणतो, ‘बसवायची.’ ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. दोन किलो वांगी मी देठासाठी निवडतो, किड्याकडे बघत नाही. शाळेतले लिपिक भाजीचं बिल बघून म्हणतात, ‘सर, हे कुठल्या खात्यात टाकू? शालेय पोषण आहार बंद आहे आज.’ परीक्षा सुरू होते. तासाभराने एका गटातून हात वर होतो, ‘सर, आमच्यात एक केळं कमी आहे.’ वर्गभर नजर फिरवावी तर सगळे अभ्यासू, एकाचा फक्त गाल फुगलेला. मग त्या गटातल्या काहींच्या कागदावर तीन केळी, काहींच्या कागदावर दोन, आणि तपासनीस म्हणणार की निरीक्षण कच्चं आहे. घंटा झाल्यावर दारात मामा उभे : ‘सर, वांगी झाली का काढून?’ चित्रकलेतून समाजाला काय मिळतं, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या रात्री मामांकडे जेवायला जावं.

वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची असते. शाळाभर पसरलेल्या माझ्या सगळ्या वर्गांसाठी ‘रंगसंगती चांगली साधतो’, ‘चित्रात रस घेते’, ‘कल्पकतेने काम करतो’ अशी वाक्यं आलटूनपालटून वाटावी लागतात. खिडकी काढणाऱ्या मुलीच्या पुस्तकात मी लिहिलं, ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.’ वर्गशिक्षिकांनी ते परत पाठवलं. ‘सर, सगळेच पाहतात हो. यादीतलं काहीतरी घाला ना!’

आणि एवढं सगळं झाल्यावर लोक विचारतात, ‘सर, तुम्ही स्वतःही चित्रं काढता का?’ जे. जे. स्कूल सुरू झालं १८५७ साली. तेव्हापासून हा प्रश्न विचारला जात असावा.

गेल्या वर्षी शेजारच्या एका शाळेतले माझे स्नेही चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभ थाटात झाला. फळा त्यांनीच रंगवला, मानपत्रावरची अक्षरंही त्यांनीच काढली, कारण दुसरं कोण काढणार? त्यांच्या नावातला इकार तिथल्या मराठीच्या बाईंनी तपासून दिला. भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं, चित्रांबद्दल कोणी बोललं नाही, ती कोणी पाहिलेली नव्हती. पुढच्या सोमवारी वेळापत्रक नवं लागलं. सरांचे सगळे तास गणिताला गेले, त्याबद्दल कोणाला काहीच अडचण नव्हती. पंधरवड्यावर स्नेहसंमेलन आलं होतं, तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताचा फळा आता कोण लिहिणार, यासाठी मात्र मुख्याध्यापकांनी तातडीची सभा बोलावली आणि ती दोन तास चालली.